क्रिएटिनिन ०.३ आलं, म्हणून किडनी ठणठणीत आहे असं समजू नका

सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, म्हटलं की आधी आठवतं ते दुखणं. पाठ, छाती, हातपाय धरून कळवळणारं मूल. पण अवयवांची झीज या दुखण्याची वाट बघत थांबत नाही. पांथरी पाच-सहा महिन्यांच्या वयापासून काम सोडायला लागते. लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची ताकद पहिल्या काही वर्षांतच ओसरू लागते. मेंदूत बारीक इजा होऊन जाते आणि मूल मात्र शाळेत जात असतं, खेळत असतं, घरच्यांना काही कळत नाही. या मुलांमधल्या अवयवहानीचा अभ्यास करायला जो कुणी बसेल, मग तो प्रबंधासाठी असो की दवाखान्याच्या नोंदवहीतून, त्यानं एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करावी: रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल रेंज’ या मुलांना समोर ठेवून बनवलेली नाही. माझ्या पाहण्यात चुकीचे निष्कर्ष बहुतेक वेळा इथूनच निघतात.

मूळ दोष एवढासा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर तयार करतं, लाल पेशी ताठर होते आणि कोयत्यासारखी वाकते. १२० दिवस जगणारी पेशी इथे १० ते २० दिवसांत फुटते. म्हणजे नुकसान दोन वाटांनी होतं. एक, बारीक वाहिन्या तुंबतात. दोन, फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळं फिरतं आणि वाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड शोषून टाकतं. जिथे रक्त संथ, ऑक्सिजन कमी, आम्लता आणि क्षार जास्त, तिथे पहिला घाला पडतो, म्हणून पांथरी आणि मूत्रपिंडाचा आतला गाभा आधी जातो. मेंदूची गोष्ट वेगळी. तिथे कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांचं अस्तर जाड होत जातं. त्यामुळे ‘या पोराला फारसं दुखत नाही, म्हणजे आजार सौम्य आहे’ हा हिशेब चालत नाही. कमी दुखणाऱ्या, पण हिमोग्लोबिन जेमतेम ६-७ ग्रॅम असलेल्या मुलाच्या मेंदूकडे आणि लघवीकडे जास्त बारकाईनं बघावं लागतं.

मोजमापाआधी दोन गोष्टी ठरतात: मूल कुठल्या प्रकारचं आणि दिवस कुठला.

प्रकाराचं म्हणाल तर एसएस (आईवडील दोघांकडून सिकलचा जीन) आणि एस-बीटा-शून्य थॅलेसेमिया (एक जीन सिकलचा, दुसरा नेहमीचं हिमोग्लोबिन मुळीच न बनवणारा) हे एका गटात बसतात. एससी (सिकलसोबत ‘सी’ हिमोग्लोबिन) आणि एस-बीटा-प्लस (नेहमीचं हिमोग्लोबिन थोडं बनतं) वेगळे ठेवायचे, नाहीतर सरासरीला काही अर्थ उरत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी रक्त चढवल्यावर लगेच केली तर दात्याचं ‘ए’, म्हणजे नेहमीचं, हिमोग्लोबिन दिसतं आणि एसएसचं मूल एस-बीटा-प्लससारखं भासतं. तीन महिने थांबा, किंवा आईवडिलांची तपासणी करा, किंवा डीएनए तपासणी करा. अल्फा ग्लोबिनचा जीन गळालेला आहे का (म्हणजे अल्फा थॅलेसेमिया), हेही जमलं तर बघून ठेवा. तो गळालेला असेल तर पेशी कमी फुटतात, मेंदूतल्या रक्ताचा वेग कमी राहतो, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिनही कमी जातं. हे नोंदवलं नाही तर दोन गटांतला फरक औषधाचा की जीनचा, हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. फीटल, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या, हिमोग्लोबिनचा आकडा वयाशिवाय लिहूच नये. या मुलांत ते जन्मानंतर सावकाश उतरतं, उतरण पाच वर्षांच्या वयापर्यंत चालते. एक वर्षाच्या बाळाचं २० टक्के आणि दहा वर्षांच्या मुलाचं २० टक्के या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता दिवस. ज्याला ‘स्टेडी स्टेट’ म्हणतात तो कागदावर व्याख्येसकट लिहिलेला असावा: मागच्या चार आठवड्यांत ताप नाही, तीव्र दुखणं नाही, भरती नाही, आणि मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं नाही. दर महिन्याला रक्त घेणाऱ्या मुलांचा गट वेगळा, आणि त्यांचं मोजमाप नेहमी पुढची पिशवी लावण्याआधी. नोंदपत्रकावरचा पहिला प्रश्न ‘शेवटचं रक्त कधी चढवलं’ हाच असावा, कारण तो चुकला तर खालचे सगळे आकडे चुकतात. त्यानंतर हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे फीटल हिमोग्लोबिन वाढवणारं औषध: कधी सुरू झालं, आजच्या वजनाला किलोमागे किती मिलिग्रॅम पडतं, मागच्या महिन्यात किती दिवस चुकलं. मूल वाढतं आणि डोस जुन्या वजनावरच अडकून राहतो, हे फार वेळा होतं. गोळी खरंच पोटात जाते का, याचा पुरावा एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) आणि फीटल हिमोग्लोबिन वाढण्यात मिळतो. त्यासाठी घरच्यांची उलटतपासणी घ्यायची गरज नाही.

रक्त काढताना होणारी एक चूक इथेच सांगतो. पेशी किती फुटतात याचा अंदाज एलडीएच या पेशींतल्या एन्झाइमवरून घेतात. पण बाळाच्या बारीक शिरेतून बारीक सुईनं जोरात रक्त ओढलं आणि सिरिंजचा दट्ट्या दाबून ट्यूबमध्ये सोडलं, तर पेशी ट्यूबमध्येच फुटतात आणि एलडीएच फुगतं. निरोगी मुलाचा असा नमुना लॅब ‘हिमोलाइज्ड’ म्हणून परत पाठवते. सिकलसेलच्या मुलाचा रक्तद्रव मुळातच रंगीत असतो, त्यामुळे कधी चांगला नमुना फेकला जातो, कधी वाईट स्वीकारला जातो. त्याच नमुन्यात पोटॅशियमही बघा. एलडीएच वाढलंय आणि पोटॅशियमही अवाजवी वर गेलंय, तर पेशी बहुधा ट्यूबमध्ये फुटल्या आहेत. पोटॅशियम जागेवर असेल तर त्या शरीरात फुटल्या आहेत.

मूत्रपिंडावर जरा थांबू या, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते.

क्रम असा असतो. आधी लघवी दाट करण्याची क्षमता जाते. निरोगी मोठं मूल तहानेच्या वेळी लघवीचा दाटपणा ८००-१००० मिलिऑस्मोलच्या वर नेऊ शकतं, सिकलसेलमध्ये ती साधारण ४०० ते ४५० च्या आसपास अडकते. म्हणून ही मुलं पाणी खूप पितात, लघवी खूप करतात आणि मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओलं करतात. यावरून त्यांना रागावणं हा अन्याय आहे. त्यात सवयीचा, आळसाचा काही संबंध नसतो, गाभ्यातल्या वाहिन्या निकामी झालेल्या असतात. लहान वयात रक्त चढवल्यावर ही क्षमता काही काळ परत येते, पुढे दहा-पंधरा वर्षांच्या वयापर्यंत ही हानी कायमची होते. याच काळात बाहेरच्या भागातला गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, मात्र वाढलेला असतो. अगदी तान्ह्या वयातही जीएफआर वयाच्या मानानं जास्त मिळतो. मग गाळणीतून अल्ब्युमिन गळायला लागतं आणि शेवटी जीएफआर घसरतो. म्हणजे रेघ आधी चढते आणि मग उतरते. सोळाव्या वर्षी ११० आलेला जीएफआर हा कधीच न बिघडलेल्या किडनीचा असू शकतो, किंवा १७० वरून खाली येताना मध्ये सापडलेला असू शकतो. एकाच भेटीतल्या आकड्यावरून हे कळत नाही. सगळ्या वयांची मुलं एका सरळ रेषेत बसवली तर चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि ‘वयाशी संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष छापला जातो. प्रत्येक मुलाचे निदान तीन आकडे, वर्षभराच्या अंतरानं, हवेतच.

आणि क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत बनणारा आणि किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. या मुलांचे स्नायू कमी असतात, म्हणून क्रिएटिनिन बनतंच कमी. शिवाय त्यांच्या नलिका ते जास्त प्रमाणात लघवीत ढकलतात. दोन्हींमुळे रक्तातला आकडा खाली राहतो. आता साधं श्वार्ट्झ सूत्र लावून बघा: ०.४१३ गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले क्रिएटिनिन. उंची १२० आणि क्रिएटिनिन ०.३ असेल तर उत्तर १६५. तेच ०.४ आलं तर १२४. लॅबच्या यंत्राचा ०.१ चा फरक, आणि एका फटक्यात ४१ चा बदल. याहून वाईट म्हणजे, पुढे तेच क्रिएटिनिन ०.६ झालं तर उत्तर ८३ येतं. उंची थोडी वाढलेली धरली तरी गाळण्याचा वेग जवळपास निम्मा झालेला असतो आणि रिपोर्टवर ०.६ समोर एकही तारा नसतो, कारण लहान मुलांच्या रेंजमध्ये ०.६ नॉर्मलच आहे. म्हणून मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी करायची, छापील रेंजशी नाही. आणि क्रिएटिनिन दोन दशांश स्थळांपर्यंत मागून घ्यायचं.

पद्धतही विचारा. जुन्या जाफे पद्धतीत बिलिरुबिन जास्त असेल तर क्रिएटिनिन खोटं कमी येतं, आणि या मुलांचे डोळे तर कायम पिवळसर असतात. एन्झाइम पद्धत हवी. अभ्यासाच्या मध्यावर लॅबनं पद्धत बदलली तर ती तारीख नोंदवा, नाहीतर त्या दिवसापासून सगळ्यांच्या किडन्या अचानक बिघडलेल्या किंवा सुधारलेल्या दिसतील. सिस्टॅटिन सी या रक्तातल्या प्रथिनावरूनही जीएफआर काढतात, ते स्नायूंवर अवलंबून नसतं, म्हणून जास्त विश्वासाचं. पण स्टेरॉइड चालू असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तर तेही हलतं.

खरा जीएफआर हवा तर आयोहेक्सॉल किंवा डीटीपीए हे किडनीतून गाळले जाणारे पदार्थ टोचून मोजावा लागतो. आयोहेक्सॉलमध्ये सिरिंज भरल्यावर आणि रिकामी झाल्यावर अशी दोनदा वजन करतात, म्हणजे नेमका किती डोस गेला ते कळतं. मग दोन, तीन आणि चार तासांनी रक्त घेतात, दुसऱ्या हातातून. वेळ ‘साधारण तीन तास’ अशी लिहायची नाही, घड्याळातली मिनिटासकट लिहायची. डोस शिरेबाहेर पाझरला तर रक्तातलं प्रमाण कमी भरतं आणि जीएफआर खोटा जास्त निघतो. दुसऱ्या आजारात १९० आकडा बघून कुणीतरी थबकेल, सिकलसेलमध्ये तो खपून जातो. टोचल्या जागी सूज आली का, हा रकाना म्हणूनच सक्तीचा ठेवावा.

अल्ब्युमिनसाठी सकाळची पहिली लघवी घ्यायची आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढायचं. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा जास्त म्हणजे दखल घेण्याजोगं. पट्टी बुडवून भागत नाही, त्याचं कारण आकड्यांतच बघा. पट्टी साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला एक अधिक दाखवते. समजा मुलाच्या पातळ लघवीत अल्ब्युमिन ६ आहे आणि क्रिएटिनिन ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पट्टी कोरी राहील, गुणोत्तर मात्र १२० येईल. लघवी दाट होत नाही हा आजारच पट्टीला आंधळं करतो. एका नमुन्यावर शिक्का मारू नये. ताप, जोराचा व्यायाम, मासिक पाळी, लघवीचा संसर्ग यांत आकडा तात्पुरता वाढतो, आणि दिवसभर उभं राहिल्यानं काही मुलांत दुपारच्या लघवीत अल्ब्युमिन उतरतं. तीनपैकी दोन नमुने जास्त आले तरच नोंद करायची. नमुना साठवायचा असेल तर उणे ८० अंशांवर. उणे २० वर महिनोन्महिने ठेवलेल्या लघवीत अल्ब्युमिन साक्याबरोबर खाली बसतं आणि आकडा घटतो. सरसकट तपासणी दहाव्या वर्षापासून दरवर्षी अशी रूढ शिफारस आहे, पण अभ्यास करणाऱ्यानं त्याआधीच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात कुठे होते हेच तर शोधायचं आहे.

पांथरीबद्दल एकच गैरसमज खोडायचा आहे: हाताला मोठी लागली म्हणजे काम करते, असं नाही. मोठी असूनही ती गाळण्याचं काम थांबवलेली असू शकते. सोनोग्राफी आकार सांगते, काम सांगत नाही. काम बघायचं तर टेक्नेशियम सल्फर कोलॉइडचा स्कॅन, किंवा रक्ताच्या काचेवर हॉवेल-जॉली कण (पांथरीनं काढून न टाकलेले पेशीकेंद्राचे अवशेष) शोधणं, किंवा लाल पेशींवरचे खळगे मोजणं. खळगे साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, नोमार्स्की प्रकारचा लागतो. रक्ताचे थेंब आधी बफर केलेल्या ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करतात आणि किमान ५०० पेशी मोजतात. खळगे असलेल्या पेशी साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेल्या की पांथरी निकामी धरतात. रक्त चढवलेलं असेल तर दात्याच्या पेशी मिसळतात आणि हाही आकडा बिघडतो. पांथरी गेली की न्यूमोकोकस जिवाणूसमोर मूल उघडं पडतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या तोंडी पेनिसिलिननं हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला होता. डोस तीन वर्षांखाली १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे पाच वर्षांपर्यंत २५० दोनदा. अभ्यासात आलेलं एकही मूल पेनिसिलिन आणि लशींशिवाय राहता कामा नये, मग अभ्यासाचा विषय डोळे का असेना.

रक्त पांथरीत साचून हिमोग्लोबिन काही तासांत दोन ग्रॅम किंवा जास्त घसरणं, हा जीवघेणा प्रसंग. त्यासाठी आईवडिलांना पांथरी चाचपायला शिकवतात. मूल उताणं, गुडघे वाकवलेले, बोटं बेंबीच्या खालून सुरू करून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवायची. वरून सुरुवात केली तर मोठी झालेली पांथरी बोटांखालीच राहते आणि कडा सापडत नाही. बरं असताना किती बोटं लागते ते घरी लिहून ठेवायचं. त्याहून मोठी लागली, मूल पांढरं पडलं, की थेट दवाखाना. जमैकामध्ये १९७३ पासून ग्रॅहॅम सर्जंट यांच्या गटानं एक लाख नवजात बाळांची रक्ततपासणी करून सिकलसेलची मुलं जन्मापासून पाहिली. आईवडिलांना हे शिकवल्यावर अशा प्रसंगातले मृत्यू घटतात, हे तिथेच दिसून आलं.

मेंदूसाठी ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. दोन मेगाहर्ट्झचा प्रोब कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर ठेवून मधल्या मेंदू-धमनीतला रक्ताचा वेग मोजतात, खोली दोन-दोन मिलिमीटरनं बदलत. लिहायचा आकडा म्हणजे वेगाच्या कमाल रेषेची कालसरासरी. हृदयाच्या ठोक्याचं शिखर लिहायचं नाही, ही गल्लत फार होते. १७० सेमी प्रति सेकंदाखाली नॉर्मल, १७० ते १९९ मधला टप्पा, २०० आणि वर म्हणजे पक्षाघाताच्या झटक्याचा मोठा धोका. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप’ चाचणीत असा वेग असलेली १३० मुलं होती. नियमित रक्त चढवलेल्या गटात एकाला झटका आला, दुसऱ्या गटात अकरा जणांना. धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला. २००५ च्या पुढच्या चाचणीत रक्त थांबवल्यावर बऱ्याच मुलांचा वेग पुन्हा चढला, दोघांना झटकाही आला. तपासणी एसएस आणि एस-बीटा-शून्यच्या मुलांची, दोन ते सोळा वयात, दरवर्षी.

आकडा कुठे बिघडतो? मूल झोपलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वेग खोटा चढतो. रडत राहिलं की श्वास भराभर चालतो, कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि वेग खोटा खाली येतो. म्हणून मूल जागं आणि शांत हवं. समोर कार्टून लावा, पण डुलकी लागू देऊ नका, आणि झोपेचं औषध तर नाहीच. ताप आणि नेहमीपेक्षा खाली गेलेलं हिमोग्लोबिन वेग वाढवतात, नुकतंच चढवलेलं रक्त कमी करतं. चित्र दाखवणाऱ्या सोनोग्राफी यंत्रावर मोजलेला वेग साध्या डॉप्लरपेक्षा साधारण दहा टक्के कमी भरतो, त्यामुळे तिथे २०० ची रेघ तशीच वापरली तर धोक्यातली मुलं निसटतात. कोणत्या यंत्रावर मोजलं हे प्रत्येक नोंदीत हवं. आणि वेग फारच कमी आला, किंवा एका बाजूला सिग्नलच मिळाला नाही, तर त्याला ‘नॉर्मल’ लिहू नका. धमनी जवळजवळ बंद झालेली असू शकते. २०० च्या वर आलं तर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा मोजायचं, मधल्या टप्प्यात आलं तर तीन महिन्यांत.

डॉप्लर मोठ्या धमन्यांचं सांगतं, बारीक वाहिन्यांतल्या सायलेंट इन्फार्क्टचं, म्हणजे बाहेरून काही न दिसता मेंदूचा बारीकसा भाग मरण्याचं, नाही. त्यासाठी एमआरआय. ठरलेली व्याख्या अशी: किमान तीन मिलिमीटरचा डाग, दोन प्रतलांत दिसणारा, आणि तपासणीत हातापायांची, बोलण्याची काही कमतरता नाही. दोन रेडिओलॉजिस्टनी एकमेकांचं न बघता वाचायचं, मतभेद झाला तर तिसऱ्यानं. शिरेतून द्यायच्या गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याची गरज नाही. शाळेत जाऊ लागलेल्या वयात, झोपेच्या औषधाशिवाय, निदान एकदा एमआरआय करावा. भूल देताना ऑक्सिजन उतरला किंवा मूल उपाशी राहून कोरडं पडलं तर तपासणीच आजार भडकवते. यंत्राचा आवाज आधी मोबाइलवर ऐकवला, टेबलावर खोटा सराव करून घेतला, तर सहा-सात वर्षांची बरीच मुलं वीस मिनिटं स्थिर पडतात. ‘अचानक गणितात मागे पडला’ हे शिक्षकांचं वाक्य तपासणीचं कारण म्हणून पुरेसं आहे. २०१४ च्या चाचणीत सायलेंट इन्फार्क्ट असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यावर पुन्हा इन्फार्क्ट होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, म्हणजे हा शोध फक्त माहितीसाठी नाही.

हृदय आणि फुप्फुसांचं थोडक्यात. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा कप्पा मोठा दिसणं हे बऱ्याच अंशी रक्तक्षयामुळे असतं, ते आजाराचं वेगळं निदान नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग २.५ मीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर पाऱ्याचा फरक. मुलांत तो वाढलेला सापडतो, पण जास्त वाहणाऱ्या रक्तामुळेही वाढतो, तेव्हा फक्त इकोवरून पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसातल्या वाहिन्यांचा वाढलेला दाब) लिहू नये. इकोही बरं असतानाच करायचा. दुखण्याच्या दिवसांत हा वेग तात्पुरता चढतो. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं, पाच-सहा वर्षांपासून जमते. डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो त्याचं माप) हिमोग्लोबिननुसार दुरुस्त केल्याशिवाय वापरू नये, नाहीतर रक्तक्षयच फुप्फुसाची हानी म्हणून मोजला जातो. बोटावरचा ऑक्सिमीटर काय दाखवतो ते बरं असताना लिहून ठेवा. उद्या छातीत दुखून मूल आलं की ९२ जुने की नवे, हे त्यावरूनच ठरणार.

डोळे दहाव्या वर्षापासून बाहुली मोठी करून बघायचे. इथे एससी प्रकारची मुलं एसएसपेक्षा जास्त धोक्यात असतात, म्हणून ‘सौम्य प्रकार’ म्हणून त्यांना यादीतून गाळू नका. खुब्याच्या दुखण्यात साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये हाड मेलेलं दिसतं. यकृतात लोह साचतं ते चढवलेल्या रक्तातून. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं आणि ते बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही. साठलेल्या लोहाचा अंदाज देणारं रक्तातलं फेरिटिन जळजळीनंही वाढतं, एमआरआयवरून काढलेलं यकृतातलं लोह जास्त खरं.

अभ्यासाची आखणी करताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जिवंत राहिलेल्यांच्या पक्षपाताची. दवाखान्यात येणारी बारा वर्षांची मुलं गोळा केली तर त्यांत पहिल्या पाच वर्षांत दगावलेली नाहीत. मग मोठ्या मुलांचे अवयव धाकट्यांपेक्षा चांगले दिसू शकतात. जन्मापासून नोंद हा त्यावरचा खरा इलाज. ते शक्य नसेल तर कोणत्या वयात नोंदवलं आणि आधीची भावंडं कशानं गेली, हे विचारा. हळू विचारा. औषधाचा परिणाम बघायचा असेल तर ‘बेबी हग’ चाचणीकडून शिकावं. ९ ते १८ महिन्यांच्या १९३ बाळांना दोन वर्षं हायड्रॉक्सीयुरिया, किलोमागे २० मिलिग्रॅम, किंवा बिनऔषधी द्रव दिलं. मुख्य निकष होते पांथरीचं काम आणि जीएफआर, आणि त्यांत ठाम फरक निघाला नाही. पण दुखणं आणि बोटांची सूज खूप कमी झाली, औषध घेणाऱ्या बाळांची लघवीही जास्त दाट होत होती. फक्त मुख्य निकषाची ओळ वाचून ‘औषधानं अवयव वाचत नाहीत’ म्हणणाऱ्याला माझं सांगणं आहे की पुढची पानंही वाचा.

किती रक्त घ्यायचं याचीही मर्यादा आखून घ्या. बाळाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असतं. दहा किलोच्या बाळात ८००. संशोधनासाठी एका वेळी एक टक्का, चार आठवड्यांत तीन टक्के, म्हणजे ८ आणि २४ मिलिलिटर ही वरची हद्द, आणि रक्तक्षय असलेल्या बाळात त्याहूनही कमी. नेहमीच्या तपासणीच्याच टोचणीत अभ्यासाचा नमुना बसवा.

आणि परवानगी घेण्याआधीच ठरवा की वाईट आकडा सापडला तर काय. डॉप्लर २१० आला तर रक्त कोण देणार, कुठल्या दिवशी, पुढच्या महिन्यात कोण. अल्ब्युमिन तीनपैकी दोनदा जास्त आलं तर किडनीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी कोण लिहिणार. हे नाव आणि फोन नंबर नोंदपत्रकावर छापलेला नसेल तोपर्यंत पहिलं मूल अभ्यासात घेऊ नका. निकाल घरच्यांना तोंडी नाही, कागदावर द्या: आकडा, त्याचा त्यांना समजेल असा अर्थ, पुढची तारीख. तारखेला मूल आलं नाही तर त्याची फाइल बंद करायची नाही. दोन दिवसांत फोन, आठवड्यात पुन्हा फोन, आणि शेवटचं केव्हा, कसं पाहिलं होतं ते नोंदीत राहू द्यायचं.